कंट्रोल कुठून आणायचे? कॅन्सर एपिडेमिऑलॉजीतली माझी पीएचडी

फेब्रुवारी २०२५ मध्ये माझा पीएचडीचा व्हायवा झाला आणि मार्चमध्ये नोटिफिकेशन हातात पडलं. विषय होता पश्चिम महाराष्ट्रातल्या बायकांमधली मशेरी आणि तोंडाचा कॅन्सर. तेव्हापासून बीडीएस, बीएचएमएस, नर्सिंग, स्टॅटिस्टिक्स अशा निरनिराळ्या वाटांनी इकडे येऊ पाहणाऱ्यांचे मेसेज येताहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळं क्रमाने लिहून टाकते. कॅन्सरची कारणं शोधणं हे काम लांबून वाटतं त्याहून बरंच कारकुनी आहे. आणि त्यातला सगळ्यात चिवट भाग कॅन्सर झालेल्यांशी संबंधित नसतोच. कॅन्सर न झालेली योग्य माणसं, म्हणजे तुलनेसाठी घ्यायचे ‘कंट्रोल’, मिळवण्यात माझी पीएचडी निम्मी संपली.

बीडीएस झाल्यावर वर्षभर एका क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काढलं आणि मग एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला, गेले. एमपीएचला डेंटिस्ट, नर्स, सोशल वर्कवाले, इंजिनिअर असे सगळे भेटतात. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर, मुंबईची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ही नावं तुम्ही ऐकली असतील. कुठे कुठली पदवी चालते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. इंटर्नशिप मी एका कॅन्सर रजिस्ट्रीत केली, म्हणजे एखाद्या भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात. आपल्याकडे रजिस्ट्रीला माहिती आपोआप येत नाही. रजिस्ट्रीची माणसं हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब, जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयं पालथी घालतात आणि एकच पेशंट तीन ठिकाणी सापडला तर त्याची एकच नोंद राहील हे बघतात. मुंबईची रजिस्ट्री १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री १९८७ पासून हे करते आहे. मी तिथे कोडिंग शिकले, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे आहे त्याला ठरलेला कोड देणं. गालाची आतली बाजू सी०६.०, हिरडी सी०३. केसपेपरवर डॉक्टरने नुसतं ‘ओरल सीए’ (तोंडाचा कॅन्सर) लिहिलेलं असलं की बायॉप्सीचा रिपोर्ट शोधत फिरायचं. कंटाळवाणं वाटेल, पण पुढे पीएचडीत कोणाला ‘केस’ म्हणायचं हे ठरवताना हेच कामाला आलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पीएचडीला नोंदणी झाली. त्याआधी ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ या विषयात नेट-जेआरएफ मिळालं होतं, म्हणून पैशांची बाजू त्यातल्या त्यात सुसह्य होती. तेव्हा जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) महिना ३१,००० रुपये होती, दोन वर्षांनी एसआरएफला (सीनिअर) ३५,०००. नंतर १ जानेवारी २०२३ पासून ती अनुक्रमे ३७,००० आणि ४२,००० झाली, पण वाढ लागू होण्याची तारीख आणि ती खात्यात दिसण्याची तारीख यांत बरेच महिने गेले. शिवाय दर महिन्याचं कन्फर्मेशन संस्थेच्या मेकर (माहिती भरणारा) आणि चेकरने (ती तपासणारा) पोर्टलवर टाकल्याशिवाय फेलोशिप जमा होत नाही. पहिल्याच आठवड्यात हे काम कोणाच्या टेबलावर आहे ते शोधून ठेवा आणि महिनाअखेरीला तिथे तोंड दाखवून या. ज्याला फेलोशिप नाही त्याने दोन-तीन महिन्यांचा खर्च तरी गाठीशी ठेवावा, असं मी म्हणेन.

कोर्सवर्कबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. हजेरी, असाइनमेंट, परीक्षा. त्या काळात गाइडने दोन पेपर वाचायला दिले ते मात्र शेवटपर्यंत टेबलावर राहिले. एक डॉल आणि हिल यांचा १९५० चा, धूम्रपानावरचा, लंडनच्या हॉस्पिटलांमधले फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण आणि तितकेच कंट्रोल. दुसरा सांघवी, राव आणि खानोलकर यांचा १९५५ चा, मुंबईतून केलेला, तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंड-घशाचे कॅन्सर यांवर. दोन्ही ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये. गाइड म्हणाल्या, “निकाल नंतर वाच. आधी एवढंच बघ, की यांनी कंट्रोल म्हणून कोणाला घेतलं.”

केस-कंट्रोल अभ्यास कधीच न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: आजार झालेल्यांचा एक गट आणि न झालेल्यांचा एक गट घ्यायचा, दोघांनाही मागच्या सवयी विचारायच्या, आणि सवयीचं प्रमाण दोन्हींकडे किती ते ताडून पाहायचं. कंट्रोलचं काम एकच. ज्या लोकसंख्येतून रुग्ण आले तिथे एरवी ही सवय किती आहे, याचा अंदाज देणं. तो अंदाज बिघडला की वरचं सगळं गणित, कितीही चकचकीत असो, बिघडतं.

डिसेंबर २०१९ मध्ये सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) संशोधन सल्लागार समितीसमोर ठेवला. कंट्रोलच्या रकान्यात मी ‘रुग्णांचे नातेवाईक’ लिहिलं होतं. बरेच जण तसं करतात, कारण ते तिथेच बसलेले असतात. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, “सासूला कॅन्सर झाला आणि सून कंट्रोल. दोघी एकाच डबीतली मशेरी लावतात. मग फरक दिसणार कसा?” आणि पुढचा प्रश्न: “तुमच्या एखाद्या कंट्रोलला उद्या तोंडाचा कॅन्सर झाला, तर ती याच हॉस्पिटलात येईल का?” हा दुसरा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ज्या बाईचं उत्तर ‘नाही’ असेल ती तुमची कंट्रोल नव्हे, मग ती कितीही आनंदाने मुलाखत द्यायला तयार असो.

सॅम्पल साइझही तेव्हाच ठरला. कंट्रोलमधल्या दर पाचातली एक बाई मशेरी लावते असं धरलं, आणि दुप्पट धोका असेल तर तो ८० टक्के पॉवरने, म्हणजे सापडण्याची शक्यता ८० टक्के राहील असा, सापडावा अशी अपेक्षा ठेवली. एकास एक घेतलं तर १७२ रुग्ण आणि १७२ कंट्रोल लागतात. एकास दोन घेतलं तर रुग्ण १२६ वर येतात, पण कंट्रोल २५२ होतात. मी दुसरं निवडलं. एकास चारच्या पुढे कंट्रोल वाढवून फारसं काही हाती लागत नाही, तेव्हा त्या मोहात पडू नका.

एथिक्स कमिटीकडे फाइल फेब्रुवारी २०२० मध्ये दिली. प्रोटोकॉल, मराठी आणि इंग्रजी माहितीपत्रक, संमतीपत्र, त्याचं उलट भाषांतर (अर्थ तोच राहिला का ते पाहायला मूळ भाषेत परत केलेलं), प्रश्नावली, गाइडचा आणि माझा सीव्ही, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) सर्टिफिकेट, ज्या विभागांतून पेशंट घेणार त्या प्रत्येक विभागप्रमुखाचं पत्र. विद्यार्थ्यांना फी माफ होती, पण सगळ्याच्या प्रती काढण्यात बरेच पैसे गेले. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि कमिटीची बैठक थेट पावसाळ्यात, ऑनलाइन झाली. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, माहितीपत्रकावर ‘कॅन्सर’ शब्द आहे तो कंट्रोल बायकांना घाबरवेल. आणि काढला तर माहिती लपवल्यासारखं होईल. शेवटी शब्द राहिला. ‘तुम्हाला हा आजार नाही, आणि म्हणूनच तुमची माहिती हवी आहे’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात आलं. मशेरीचं नाव मात्र वर घेतलं नाही, ‘रोजच्या सवयी’ एवढंच. आपण नेमकं काय शोधतोय हे आधी कळलं तर उत्तरं बदलतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि तो अभ्यासाच्या टीमबाहेरचा हवा. गर्दीच्या ओपीडीत असा साक्षीदार मिळवायला मुलाखतीपेक्षा जास्त वेळ लागायचा. औषध वाटप खिडकीजवळ रिकामा बसलेला कुठलाही नातेवाईक मी हेरून ठेवायचे.

मंजुरी आली तेव्हा हॉस्पिटलचा अर्धा भाग कोविडसाठी होता. लांबच्या जिल्ह्यांतले पेशंट येणं थांबलं होतं, त्यामुळे अभ्यास तीन जिल्ह्यांपुरता मर्यादित केला आणि त्यासाठी दुरुस्तीचा वेगळा अर्ज केला. प्रोटोकॉलमधला स्वल्पविराम बदलला तरी कमिटीला कळवायचं, ही सवय लावून घ्या. दर वर्षीचा प्रगती अहवालही विसरू नका, नाहीतर मंजुरीची मुदत संपते आणि त्या काळात घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत.

जानेवारी २०२१ मध्ये मुलाखती सुरू झाल्या. रुग्ण घेण्याचा नियम साधा: निदान नवीन, बायॉप्सीने पक्कं झालेलं, उपचार सुरू न झालेले. जुने रुग्ण घेतले तर जगलेल्यांच्याच सवयी मोजल्या जातात. पण ऑपरेशननंतर बोलता येईलच असं नसतं, आणि काहींचं तोंड आधीच बोटभरही उघडत नसतं. त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यापासून भरती होईपर्यंतचे दोन-चार दिवस एवढीच खिडकी. नातेवाइकाने दिलेली उत्तरं घ्यायची नाहीत, असं आम्ही ठरवलं होतं.

खरी शाळा पायलटमध्ये, म्हणजे प्रश्नावलीच्या चाचणीत, झाली. ऑर्थो (हाडांच्या) ओपीडीत मनगटाला प्लास्टर घातलेल्या एक काकू होत्या, सोबत सून.

“काकू, तंबाखू खाता का?”

“छ्या! आमच्यात बायामाणसं तंबाखू खात न्हाईत.”

“दात कशानं घासता?”

“मशेरीनं की. समद्याच घासत्यात.”

“दिवसातून किती वेळा?”

काकूंनी सुनेकडे बघितलं. सून हसत म्हणाली, “सकाळी एकदा, जेवण झाल्यावर, धारा काढून झाल्यावर. आन् रात्री लावल्याबिगर त्यांना झोप न्हाई.”

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. पण लावणारीच्या हिशेबात ती दंतमंजन. त्या दिवसानंतर प्रश्नावलीत ‘तंबाखू’ हा शब्द शेवटच्या पानावर गेला. आधी दात कशाने घासता, मग जेवणानंतर तोंडात काय टाकता, मग काम करताना. पारदर्शक पिशव्यांमध्ये मशेरी, जर्दा, चुना, कच्ची सुपारी, भाजकी सुपारी, पानमसाला ठेवून त्याचं शो-कार्ड बनवलं, कारण नावं तालुक्यागणिक बदलतात. सुपारी वेगळी विचारणं भागच होतं. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे असं आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २००४ च्या ८५व्या मोनोग्राफमध्ये म्हटलं आहे. प्रमाण ‘किती वेळा’ने नीट कळत नाही. ‘पुडी किती दिवस पुरते आणि त्यातली अजून कोण वापरतं’ हे विचारलं की आकडा बराच विश्वासार्ह येतो.

वर्षांचा हिशेब हा आणखी एक डोंगर. कधी सुरू केलं? ‘लई वर्सं झाली.’ मग घटनांचं कॅलेंडर बनवलं. कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. इंदिरा गांधी गेल्या, ऑक्टोबर १९८४. किल्लारीचा भूकंप, सप्टेंबर १९९३. याच्या जोडीला लग्न, पहिलं बाळंतपण, मुलाची दहावी. “दुष्काळात खडी फोडायला जायचे तवा बायकांनी शिकवलं” असं उत्तर आलं की वर्ष मिळालं. डेटा भरताना सॉफ्टवेअर ‘सुरुवातीचं वय दहापेक्षा कमी’ला लाल खूण करायचं. फॉर्म पुन्हा काढून बघितले, तर ती नोंद बरोबर असायची. आजीने बोटावर मशेरी देऊन दात घासायला शिकवलेल्या मुली होत्या त्या.

आता कंट्रोल. नातेवाईक बाद झाल्यावर त्याच हॉस्पिटलच्या इतर ओपीडी उरल्या. मी डेंटिस्ट, त्यामुळे डेंटल ओपीडी घरच्यासारखी होती, सगळे ओळखीचे. पण हिरड्या खराब होऊन येणाऱ्या बायकांत मशेरी लावणाऱ्या जास्त असणारच. तिथून कंट्रोल घेतले असते तर सवय ‘सर्वसामान्य’ दिसली असती आणि धोका होता त्याहून कमी भासला असता. डॉल-हिलच्या अभ्यासावरही नंतर हीच टीका झाली, की त्यांच्या कंट्रोलमध्ये धूम्रपानानेच होणारे इतर आजार असलेले लोक होते. हृदयरोग आणि छातीचे विकार याच कारणाने बाद. डोळ्यांचा विभाग निर्धोक वाटला, तर मोतीबिंदूचा धूम्रपानाशी संबंध. ऑर्थो घ्यावं तर काही फ्रॅक्चर दारूमुळे. अगदी शुद्ध विभाग कुठेच नसतो. म्हणून एकाच ठिकाणाहून सगळे न घेता ऑर्थो, हर्निया-अपेंडिक्सवाली सर्जरी, कान, त्वचा, चष्म्याचा नंबर अशा अनेक ठिकाणांहून थोडे थोडे घेतले, आणि कोणती कंट्रोल कुठून आली ते लिहून ठेवलं. शेवटी एकेक विभाग वगळून गणित पुन्हा करता आलं, ते या एका रकान्यामुळे. वय पाच-पाच वर्षांच्या गटांत आणि जिल्हा, एवढंच जुळवलं. शिक्षणही जुळवा असा एकांचा आग्रह होता, पण जे जुळवलं त्याचा परिणाम मग तपासता येत नाही.

आणि हे सगळं ठरल्यावर त्या बाईने ‘हो’ म्हणायला हवं. ती पहाटेच्या एसटीने आलेली असते, केसपेपरवर नंबर पडलेला असतो, आणि माझ्या अर्ध्या तासात तो नंबर गेला तर तिचा दिवस फुकट. पहिले काही महिने नकारच नकार. शेवटी मार्ग सापडला तो ओपीडीच्या दारावरच्या मावशींकडून. त्यांना सगळा अभ्यास नीट समजावून सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टरांना दाखवून, औषधं घिऊन झाली की मी पाठवते तुमच्याकडं. आधी कोण बसंल?” त्यानंतर नकार निम्म्यावर आले. परतीच्या एसटीची वेळ मी पाठ केली होती. एक मुलगा मात्र माहितीपत्रक वाचून मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, खरं सांगा, आईला कॅन्सर निघालाय का?” त्याच्या आईचा खांदा दुखत होता, बाकी काही नव्हतं. त्याला मी स्वतः ऑर्थोच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांनी समजावलं. ती मुलाखत घेतली नाही.

नकार दिलेल्यांचंही वय, जिल्हा आणि विभाग लिहून ठेवण्याची परवानगी एथिक्सकडून आधीच घ्या. नंतर मागून मिळत नाही.

रुग्णांच्या मुलाखतींबद्दल फार लिहीत नाही. एक प्रश्न हमखास यायचा: “मशेरीमुळंच झालं का हे?” आमचा अभ्यास गटांबद्दल बोलतो, समोर बसलेल्या एका बाईबद्दल तो काही सांगू शकत नाही, पण हे तिला कसं सांगायचं? मी म्हणायचे, “कशानं झालं हे एका माणसाबाबत कोणालाच नक्की सांगता येत नाही. आता सोडली तर पुढच्या उपचाराला मदतच होईल.” सोडण्याबद्दलचं बोलणं फॉर्म पूर्ण झाल्यावरच, आणि रुग्ण व कंट्रोल दोघींशीही. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा टोल फ्री नंबर छापलेली चिठ्ठी द्यायचे. कितीतरी बायकांनी ती ब्लाउजमध्ये ठेवली. काही दिवस घरी आल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नसे. आमच्या विभागात दर शुक्रवारी चहाला बसून अशा मुलाखतींबद्दल बोलायची पद्धत होती, तिचा उपयोग झाला. तुमच्याकडे नसेल तर सुरू करा.

मुलाखती २०२३ च्या मध्यावर संपल्या. विश्लेषण ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये केलं, ते फुकट आहे आणि मदत करणारे भरपूर. ऑड्स रेशो, म्हणजे सवयीमुळे धोका किती पट दिसतो तो आकडा, काढायला एक दुपार पुरते. त्याआधीची सफाई आणि वयासारख्या कुठल्या इतर घटकांचा परिणाम वजा करायचा यावरचा वाद यांना सहा-सात महिने लागले. लिहिताना स्ट्रोबची, म्हणजे अशा अभ्यासाच्या अहवालात काय काय द्यायचं याची, २२ मुद्द्यांची यादी समोर ठेवा. प्लेजिअरिझम तपासणीत दहा टक्क्यांची मर्यादा असते आणि पद्धतींचं प्रकरण तिथे हटकून अडकतं. फेलोशिपची पाच वर्षं ऑगस्टमध्ये संपणार होती म्हणून थीसिस जुलै २०२४ मध्ये दिला. परीक्षकांचे अहवाल यायला जवळजवळ सहा महिने लागले. त्या काळात फेलोशिप नाही आणि पदवीही नाही. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं.

व्हायवाला मॉडेलबद्दल खूप तयारी केली होती. बाहेरच्या परीक्षकांनी बराचसा वेळ नकार देणाऱ्यांवर घेतला: किती जणींनी नकार दिला, कुठल्या विभागातल्या, मशेरी लावणाऱ्यांनीच जास्त नकार दिला असेल तर निकाल कुठल्या बाजूला सरकेल. नकाराचं रजिस्टर सोबत नेलं होतं. ते उघडून बसलो.

नोकरीचं म्हणाल तर कायम पदं मोजकीच असतात. प्रकल्पातली कंत्राटी पदं अधिक, वर्ष-वर्षाने वाढणारी. जाहिरातीत मेडिकल आणि नॉन-मेडिकल असे भाग असतात. बीडीएसवाल्यांनी आपण कुठल्या भागात बसतो ते अर्हतेच्या ओळीत वाचूनच जावं, नाहीतर वॉक-इनला दिवसभर बसून परत यावं लागतं. पीएचडीचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, नेटचं सर्टिफिकेट आणि सगळ्या मूळ मार्कशीट एकाच फायलीत ठेवा. मी एप्रिलपासून एका रजिस्ट्रीच्या प्रकल्पात आहे, सध्या एक वर्षाच्या करारावर.

शो-कार्डांचे फोटो, घटनांचं कॅलेंडर आणि मराठी संमतीपत्राचा नमुना कोणाला हवा असेल तर कळवा, पाठवते. निकालाचे आकडे मात्र मागू नका, पेपर अजून परीक्षकांकडे आहे.